सुईने मिळवलेले स्वातंत्र्य

ईदसाठी किंवा लग्नकार्यासाठी नवे कपडे शिवायचे असले, की आपण दर्जीच्या दुकानात जातो. तो गळ्यातील टेप काढतो, खांद्याचे, छातीचे, बाहीचे माप घेतो आणि आकडे वहीत लिहून ठेवतो. मराठीत या कारागिराला शिंपी म्हणतात. माप घ्यायचे, कापड बेतायचे, कापायचे आणि शिवायचे, हे त्याचे काम. या कलेवर कितीतरी घरे चालतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण याच कलेच्या बळावर एका स्त्रीने स्वतःला आणि आपल्या मुलाला गुलामगिरीतून सोडवले, हे तुम्हांला माहीत आहे का? त्या स्त्रीचे नाव एलिझाबेथ केकली. तिची हकीकत आता वाचा.

एलिझाबेथचा जन्म फेब्रुवारी १८१८ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात डिनविडी येथे झाला. सगळे तिला लिझी म्हणत. तिची आई ॲग्नेस ही बर्वेल नावाच्या कुटुंबाची गुलाम होती. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत आफ्रिकेतून आणलेल्या लोकांना आणि त्यांच्या मुलाबाळांना गुलाम म्हणून राबवून घेत. गुराढोरांसारखी त्यांची खरेदी-विक्री होई. आई गुलाम असली, की तिचे मूलही कायद्याने गुलामच ठरे. म्हणून लिझी जन्मल्या दिवसापासून गुलाम होती.

लिझी ज्यांना वडील मानत असे, ते जॉर्ज हॉब्स दुसऱ्याच मालकाचे गुलाम होते. त्यांचा मालक पश्चिमेकडे निघाला, तेव्हा त्यांनाही बायकोमुलीला सोडून जावे लागले. ते पुन्हा कधीच भेटले नाहीत. त्यांची पत्रे मात्र येत राहिली.

लिझी चार वर्षांची झाली, तेव्हा मालकिणीचे तान्हे बाळ सांभाळण्याचे काम तिच्याकडे आले. एकदा ती पाळणा इतक्या जोराने हलवू लागली, की बाळ खाली पडले. घाबरलेल्या लिझीने चुलीतील राख काढायच्या फावड्याने बाळाला उचलायचा प्रयत्न केला. त्याबद्दल तिला चाबकाचे फटके बसले. चार वर्षांच्या मुलीला फटके! गुलामांच्या मुलांना बालपण नसे, ते असे.

ॲग्नेस शिवणकामात हुशार होती. मालकाच्या घरातील माणसांचे आणि इतर गुलामांचेही कपडे तीच शिवत असे. तिच्याजवळ बसून लिझी शिवण शिकली. सुईत दोरा कसा ओवायचा, बोटाला सुई लागू नये म्हणून अंगुस्तान कसे घालायचे, टाके सारखे कसे पडतात, कापडाचा उभा आणि आडवा धागा कसा ओळखायचा, हे सारे तिने आईकडून घेतले. लिझीला वारसा म्हणून जमीन मिळाली नाही की घर मिळाले नाही. मिळाली ती ही कला. आणि ती कोणालाही विकता किंवा हिसकावता येण्यासारखी नव्हती.

चौदाव्या वर्षी लिझीला मालकाच्या मुलाच्या घरी पाठवण्यात आले. पुढे हे कुटुंब नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हिल्सबरो या गावी राहायला गेले. तिथे तिला अमानुष मार सहन करावा लागला. याच काळात तिला मुलगा झाला. त्याचे नाव जॉर्ज. आई गुलाम, म्हणून तोही गुलाम.

काही वर्षांनी लिझी मालकाची मुलगी ॲन आणि जावई ह्यू गार्लंड यांच्याकडे आली. १८४७ साली गार्लंड कुटुंब मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुइस या शहरात गेले. तिथे त्यांना पैशाची चणचण भासू लागली. तेव्हा म्हाताऱ्या ॲग्नेसला दुसऱ्यांच्या घरी मजुरीला पाठवायचे त्यांनी ठरवले. लिझीला हे सहन झाले नाही. आईच्या जागी आपण शिवणकाम करून पैसे आणू, असे तिने सांगितले.

लिझीने सुई हातात घेतली आणि थोड्याच काळात शहरातील श्रीमंत स्त्रिया तिच्याकडून कपडे शिवून घेऊ लागल्या. दोन वर्षे आणि पाच महिने सतरा माणसांचे पोट तिच्या सुईवर चालले. त्यात मालकही होते आणि गुलामही होते. विचार करा, जिला स्वतःच्या कमाईवर हक्क नव्हता, तीच मालकाचे घर चालवत होती.

लिझीचे काम किती कठीण होते, हे कळण्यासाठी त्या काळी श्रीमंत स्त्रियांचा पोशाख कसा असे, ते पाहू या. इंग्लंडवर १८३७ पासून १९०१ पर्यंत व्हिक्टोरिया राणीचे राज्य होते. म्हणून त्या काळच्या पोशाखाला व्हिक्टोरियन पोशाख म्हणतात. अमेरिकेतील स्त्रियाही तशाच तऱ्हेचे कपडे घालत. वरून पाहणाऱ्याला फक्त रेशमी झगा दिसे. पण त्या झग्याच्या आत एकावर एक कितीतरी कपडे असत.

सर्वांत आत सुती कापडाचा सैल, साधा अंगरखा. त्याबरोबर गुडघ्याखाली पोहोचणारी सुती विजार. हे कपडे घाम शोषून घेत आणि ते वारंवार धुता येत. रेशमी झगा धुता येत नसे, त्यामुळे त्याला जपण्याचे काम आतल्या सुती कपड्यांचे. त्यावर कॉर्सेट. कॉर्सेट म्हणजे कमरेला घट्ट बसणारी जाड कापडाची बंडी. देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्ट्या किंवा पोलादाच्या पट्ट्या घालून ती ताठ केलेली असे आणि पाठीमागे नाडीने आवळलेली असे. त्याखाली घेर फुलवण्यासाठी खळ लावलेले कडक परकर, एकावर एक. १८५६ च्या सुमारास पोलादी कड्यांचा हलका पिंजरा निघाला. त्याला क्रिनोलिन म्हणत. तो आल्यावर परकरांचे ओझे कमी झाले, पण घेर मात्र आणखी वाढला. झग्याचा खालचा घेर तीन-चार मीटर असणे ही नेहमीची गोष्ट झाली.

आता सांगा, असा पोशाख शिवायचा तर सुरुवात कोठून करायची? वरच्या झग्यापासून? नाही. सुरुवात आतून करावी लागे. कॉर्सेट घातल्यावर कमरेचे माप बदलते, म्हणून वरच्या भागाची सर्व मापे कॉर्सेटवरून घ्यावी लागत. पिंजऱ्यामुळे कापड बाहेर फुगून मग खाली उतरते, त्यामुळे घेराची उंचीही तो घालूनच मोजावी लागे. आधी झगा शिवला आणि मग आतले कपडे बदलले, तर कमरेला सुरकुत्या पडत आणि खालची किनार वरखाली दिसे. आतले नीट नसेल, तर बाहेरचे नीट बसत नाही, हा या शिवणकामाचा पहिला नियम होता.

दुसरा नियम घाई न करण्याचा. रेशीम फार महाग असे. चुकून कात्री चालली, तर नुकसान भरून निघत नसे. म्हणून कुशल शिवणारी आधी स्वस्त सुती कापडाचे अस्तर बेतत असे. ते गिऱ्हाइकाच्या अंगावर ठेवून टाचण्या लावायच्या, छातीखाली चिमटे घ्यायचे, खांदे आणि मुंढे अंगाबरोबर बसवायचे. मग ते अस्तर उतरवून, खुणा करून, त्याच्या आधाराने रेशीम कापायचे. अस्तर आणि रेशीम कच्च्या धावदोऱ्याने जोडून पुन्हा अंगावर घालून पाहायचे. नीट बसले, तरच पक्की शिवण. शिवणींच्या आतल्या बाजूने देवमाशाच्या पट्ट्या बसवायच्या. कडेला बारीक गोट लावायचा. खालचा घेर मात्र कापडाचे सरळ पन्हे जोडून करत आणि कमरेशी त्याच्या बारीक चुण्या घेत. सरळ पन्हे असल्यामुळे पुढे झगा उसवून तेच कापड दुसऱ्या कामाला वापरता येई. शिवणयंत्र १८५० नंतर हळूहळू पसरू लागले आणि लांब सरळ शिवणी त्याच्यावर होऊ लागल्या. पण अंगाबरोबर बसवणे, काजे करणे, गोट आणि लेस लावणे ही कामे हातांचीच राहिली.

लिझीची खासियत या बसवण्यात होती. तिने शिवलेला झगा अंगावर जणू ओतल्यासारखा बसे. कापड बेतण्याची आणि अंगाबरोबर बसवण्याची तिची स्वतःची पद्धत होती. पुढे ती पद्धत तिने इतर मुलींनाही शिकवली.

सेंट लुइसमध्ये लिझीचे लग्न जेम्स केकली यांच्याशी झाले. आपण स्वतंत्र आहोत असे त्यांनी सांगितले होते, पण तेही गुलामच निघाले आणि त्यांना वाईट सवयीही होत्या. हा संसार टिकला नाही. एलिझाबेथकडे राहिले ते केकली हे आडनाव.

आता एलिझाबेथच्या मनात एकच विचार होता. आपण आणि आपला जॉर्ज स्वतंत्र झालो पाहिजे. पैसे घेऊन आम्हांला मुक्त करा, असे तिने गार्लंड यांना पुन्हा पुन्हा विनवले. एकदा चिडून गार्लंड यांनी तिच्यापुढे चांदीचे पाव डॉलरचे नाणे धरले. नदी ओलांडायला होडीचे भाडे तेवढेच होते आणि पलीकडच्या इलिनॉय राज्यात गुलामगिरी नव्हती. पळून जायचे तर जा, असा त्यांचा रोख होता. तिने ते नाणे घेतले नाही. नदी ओलांडून पळालेल्या माणसाला पकडून परत आणता येत असे, हे तिला माहीत होते. चोरासारखे लपून राहायला तिचे मन तयार नव्हते. तिला स्वातंत्र्य हवे होते ते कायद्याने, कागदावर आणि ताठ मानेने.

शेवटी गार्लंड यांनी किंमत सांगितली. आई आणि मुलगा दोघांचे मिळून बाराशे डॉलर. ही रक्कम किती मोठी होती? पुढे वॉशिंग्टनमध्ये एलिझाबेथला शिवणकामाची मजुरी दिवसाला अडीच डॉलर मिळत असे. त्या हिशेबाने एक पैसाही खर्च न करता ४८० दिवस काम केले, तर बाराशे डॉलर होतात. आणि सेंट लुइसमध्ये तर तिची कमाई सतरा माणसांच्या पोटात जात होती. मग बाराशे डॉलर साठणार कसे?

न्यूयॉर्कला जाऊन लोकांकडे मदत मागावी, असे तिने ठरवले. पण ती परत येईल याबद्दल सहा गृहस्थांनी हमी द्यावी, अशी अट पडली. त्यांपैकी एकाने, तू परत येशील असे मला वाटत नाही, असे तिला तोंडावर सांगितले. एलिझाबेथला फार वाईट वाटले. ज्याचा विश्वास नाही त्याची सही घ्यायला ती तयार झाली नाही. सामान बांधलेले तसेच राहिले.

ही बातमी तिच्या एका गिऱ्हाईक स्त्रीला कळली. तिने इतर गिऱ्हाइकांकडून पैसे गोळा केले आणि बाराशे डॉलर उभे केले. १३ नोव्हेंबर १८५५ रोजी एलिझाबेथ आणि जॉर्ज यांच्या मुक्तीचे कागद झाले. सदतिसाव्या वर्षी एलिझाबेथ केकली स्वतंत्र झाल्या. पैसे देणाऱ्या स्त्रियांना ते परत नको होते. पण केकली यांनी ती देणगी मानली नाही, कर्ज मानले. त्या सेंट लुइसमध्येच राहिल्या आणि शिवण करून त्यांनी सगळे पैसे फेडले. मगच त्यांनी ते शहर सोडले.

१८६० साली केकली वॉशिंग्टनला आल्या. राजधानीत राहण्यासाठी स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसालाही परवाना लागत असे. तोही त्यांनी एका गिऱ्हाईक स्त्रीच्या मदतीने मिळवला. त्याच वर्षी इंग्लंडचे युवराज वॉशिंग्टनला आले होते. त्यांच्या मेजवानीसाठी केकली यांनी सैन्यातील एका अधिकाऱ्याच्या पत्नीचा रेशमी झगा शिवला. तो सर्वांच्या नजरेत भरला आणि कामाची रीघ लागली. सिनेटर जेफर्सन डेव्हिस यांच्या पत्नीही त्यांच्याकडून कपडे शिवून घेत. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडील राज्ये देशातून फुटून निघण्याच्या बेतात होती. आमच्याबरोबर दक्षिणेला चला, असे श्रीमती डेव्हिस यांनी केकली यांना सुचवले. त्यांनी नकार दिला. त्यांचा निर्णय किती योग्य होता पाहा. थोड्याच दिवसांत जेफर्सन डेव्हिस त्या फुटलेल्या राज्यांचे प्रमुख झाले.

४ मार्च १८६१ रोजी अब्राहम लिंकन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. दुसऱ्याच दिवशी केकली यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावणे आले. श्रीमती मेरी लिंकन यांना चांगली शिवणारी हवी होती. काम मागायला इतरही स्त्रिया आल्या होत्या, पण निवड झाली केकली यांची. पहिले काम गुलाबी रंगाच्या रेशमी पोशाखाचे होते. समारंभाच्या दिवशी पोशाख यायला उशीर झाला, म्हणून श्रीमती लिंकन रागावल्या आणि आपण खाली जाणारच नाही म्हणाल्या. केकली यांनी शांतपणे त्यांना तयार केले. झगा अंगावर असा बसला, की राग कोठल्या कोठे गेला. त्या वसंतात आणि उन्हाळ्यात केकली यांनी त्यांच्यासाठी पंधरा-सोळा पोशाख शिवले. पुढे त्या केवळ शिवणाऱ्या राहिल्या नाहीत, श्रीमती लिंकन यांच्या मैत्रीण झाल्या.

याच वर्षी उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. केकली यांचा एकुलता एक मुलगा जॉर्ज उत्तरेच्या सैन्यात भरती झाला. १० ऑगस्ट १८६१ रोजी मिसूरी राज्यातील विल्सन्स क्रीकच्या लढाईत तो मारला गेला. ज्याच्या मुक्तीसाठी आईने रात्रीचा दिवस केला, तो स्वतंत्र माणूस म्हणून सहाच वर्षे जगला. फेब्रुवारी १८६२ मध्ये लिंकन यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली तापाने गेला. त्या मुलाला शेवटची आंघोळ घालून कपडे घालण्याचे काम केकली यांनी केले. मुलगा गमावलेली एक आई दुसऱ्या आईच्या पाठीशी उभी राहिली.

केकली रडत बसल्या नाहीत. युद्धामुळे दक्षिणेतून सुटलेले हजारो गुलाम वॉशिंग्टनला येत होते. त्यांच्या अंगावर धड कपडे नव्हते, राहायला जागा नव्हती. १८६२ साली केकली यांनी आपल्या चर्चमधील लोकांना एकत्र केले आणि या निर्वासितांसाठी मदत संस्था काढली. सुरुवातीला चाळीस जण कामाला लागले. स्वतः लिंकन पतिपत्नींनी त्या कामाला पैसे दिले.

१४ एप्रिल १८६५ रोजी लिंकन यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मरण पावले. त्या दुःखात श्रीमती लिंकन यांनी बोलावून घेतले ते केकली यांनाच. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन सबंध अमेरिकेतून गुलामगिरी कायद्याने नाहीशी झाली. या घटनेचे पडसाद आपल्या महाराष्ट्रातही उमटले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली लिहिलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला आहे.

१८६८ साली केकली यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. ‘बिहाइंड द सीन्स’ हे त्याचे नाव. गुलामगिरीत काय सोसावे लागते, हे त्यांनी त्यात निर्भयपणे लिहिले. त्यात लिंकन कुटुंबाच्या खाजगी गोष्टी आणि श्रीमती लिंकन यांची पत्रेही छापली गेली. श्रीमती लिंकन यांची बाजू लोकांना कळावी, हा केकली यांचा हेतू होता. पण घडले उलटेच. श्रीमती लिंकन दुखावल्या आणि त्यांची मैत्री कायमची तुटली. एका कृष्णवर्णीय शिवणारीने मोठ्या घरातल्या गोष्टी लिहाव्यात, याचा अनेकांना राग आला. गिऱ्हाइके कमी होत गेली.

तरीही कला त्यांच्या हातात होती. १८९२ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ओहायो राज्यातील विल्बरफोर्स विद्यापीठात त्या शिवणकामाच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. आईने शिकवलेली विद्या आता विद्यापीठात शिकवली जाऊ लागली. १८९३ साली शिकागोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या विद्यार्थिनींचे काम मांडले होते. पुढे प्रकृती साथ देईना, म्हणून त्या वॉशिंग्टनला परतल्या. २६ मे १९०७ रोजी तेथील निराधार स्त्रियांच्या आश्रमात त्यांचा अंत झाला. अनेक वर्षे त्यांच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. तो २०१० साली बसवण्यात आला.

वॉशिंग्टनमधील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात श्रीमती लिंकन यांचा जांभळ्या मखमलीचा एक पोशाख आहे. तो केकली यांनी शिवला असे मानतात. त्यात खालचा घेर एकच आहे. वरचे भाग मात्र दोन आहेत, एक दिवसा घालायचा आणि एक संध्याकाळच्या समारंभात घालायचा. महाग कापड वाया न घालवता एका पोशाखाचे दोन पोशाख करण्याचा तो बेत आहे. मखमलीच्या कडेला पांढऱ्या सॅटिनचा बारीक गोट आहे.

मित्रांनो, पाहणाऱ्याला वरची मखमल दिसते. ती जिच्या आधाराने बसते, ती आतली शिवण दिसत नाही. लिंकन यांचे नाव सगळ्या जगाला माहीत आहे. केकली यांचे नाव फार थोड्यांना माहीत होते. आता ते तुम्हांला माहीत झाले आहे. पळून जाण्यासाठी पुढे केलेले नाणे ज्यांनी नाकारले आणि आपल्या मेहनतीने स्वातंत्र्याची किंमत पै न् पै फेडली, त्या एलिझाबेथ केकली यांना विसरू नका.